मिहानच्या गेटाबाहेरचा गावगाडा

नागपूरला पाहुणे आले की काय दाखवायचं, याची यादी इथल्या प्रत्येक घरात तोंडपाठ असते. दीक्षाभूमी, फुटाळा, झिरो माईलचा दगड, सवड असेल तर रामटेक आणि परतताना संत्रा बर्फीचा डबा. या यादीत मिहान कधीच नसतं. "तिथं काय पाहाचं आहे? नुसते रस्ते आहेत," असं घरातलं कर्तं माणूस सांगतं आणि विषय संपतो. इतिहास शिकवणारे माझे मित्र त्याच्याही पुढे जातात. ज्या जागेने अजून वयाची पंचविशी नीट ओलांडलेली नाही, तिथे इतिहासाच्या माणसाने वाट वाकडी करू नये, असं त्यांचं मत. समाजशास्त्राच्या माणसाने गेलं तर हरकत नाही. त्यांना काय, कुठेही चालतं.

मी आयुष्यभर समाजशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला खरंच कुठेही चालतं. निवृत्तीनंतर तर जास्तच. लोक रोज काय खातात, कोणाशी बोलतात, कोणाला टाळतात, पगार झाला की पहिल्यांदा कुठे जातात, याची नोंद ठेवणं हे शास्त्र आहे असं मी विद्यार्थ्यांना अनेक वर्षं सांगितलं. घरी मात्र याच गोष्टीला "नसत्या चौकशा" म्हणतात.

या नसत्या चौकशांना फार मोठी परंपरा आहे. फ्रान्समध्ये मार्क ब्लोख आणि ल्युसियां फेव्र यांनी 1929 साली एक नियतकालिक काढलं आणि राजे, लढाया, तह बाजूला ठेवून शेतं, नांगर, भीती, श्रद्धा, जेवण यांच्या इतिहासाकडे विद्वानांना वळवलं. जगभर त्याचा गवगवा झाला, तो योग्यच झाला. पण आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' त्याच्या चौदा वर्षं आधीच, 1915 मध्ये, छापून आला होता. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, फिरस्ते, यात्रा, कर्ज, लग्नातले खर्च, सगळं त्यात आहे. लेखक कोण, तर सरकारी नोकरीत गावं पाहिलेला माणूस. फ्रेंचांच्या नावाला चळवळ चिकटली आणि आपल्या आत्र्यांच्या नावाला क्रमिक पुस्तकातला परिच्छेद. असो.

मुद्दा मिहानचा. कागदावर त्याचं नाव मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर. 2002 साली महाराष्ट्र एअरपोर्ट डेव्हलपमेंट कंपनी स्थापन झाली. सोनेगाव विमानतळाला लागून, वर्धा रोडच्या अंगाने, चार हजारांवर हेक्टर जमीन आखली गेली आणि तिच्यातली जवळजवळ निम्मी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, म्हणजे सेझसाठी ठेवली गेली. देशोदेशीचा माल इथे उतरेल आणि इथून उडेल, अशी ती कल्पना. माल आपल्या सवडीने येतो आहे. संगणकाच्या कंपन्या आल्या, औषधांचे आणि विमानाच्या सुट्या भागांचे कारखाने आले, एम्स आलं, आयआयएम आलं. पण या सगळ्यांच्या आधी आले ते रस्ते. रुंद, गुळगुळीत, दिव्यांचे आणि बराच काळ जवळपास रिकामे.

रिकामा रस्ता दिसला की नागपूरकर स्वस्थ बसत नाही. आज सकाळी मिहानमध्ये चक्कर मारली तर निम्म्या गाड्यांवर लाल रंगात 'एल' लिहिलेलं दिसतं. "क्लच हळू सोड, हळू... अवो ताई, हळू म्हटलं न!" हे वाक्य तिथल्या हवेतच आहे. पलीकडे हेल्मेटधारी सायकलवाल्यांचा जथा जातो. त्यांच्या सायकलींच्या किमती माझ्या पहिल्या स्कूटरच्या कितीतरी पट. थोडं पुढे, दुभाजकावरच्या फुलझाडांपाशी एक नियोजित वर, एक नियोजित वधू आणि एक फोटोग्राफर. फोटोग्राफर वराला सांगतो, "भाऊ, तुमी फक्त दूर पाहा." वर दूर पाहतो. दूरवर विजेचं उपकेंद्र असतं. रात्री याच रस्त्यावर स्कूटरच्या सीटवर केक कापले जातात आणि सकाळी कावळे क्रीमचा हिशेब लावतात.

मिशेल द सेर्तो नावाच्या फ्रेंच पंडिताने 1980 साली रोजच्या जगण्यावर एक ग्रंथ लिहिला. नियोजक वरून शहर आखतो आणि खाली चालणारी माणसं त्याच शहराचं आपल्या सोयीने दुसरंच काहीतरी करून टाकतात, असं त्याचं म्हणणं. ग्रंथ समजायला अवघड आहे. मिहानमधल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांबरोबर अर्धा तास घालवला की सोपा होतो.

पण मला मिहानचं खरं शिक्षण मिळालं ते एका गेटाबाहेरच्या टपरीवर. टपरी एका मावशींची आहे. निळ्या ताडपत्रीचं छत, दोन बाकडी, एक हातगाडी. तिच्यावर पोह्यांचं पातेलं आणि शेजारी तर्रीचं. तर्री म्हणजे हरभऱ्याच्या उसळीवरचा तो लालभडक तवंग. तो अंगावर सांडला की शर्ट दान करावा लागतो. मावशी पोह्यांची प्लेट भरतात, वरून पळीभर तर्री घालतात, कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर), लिंबाची फोड आणि गिऱ्हाइकाकडे न पाहता विचारतात, "चहा?" त्या पाहत नाहीत असं आपल्याला वाटतं.

गळ्यातल्या पट्ट्याच्या रंगावरून कंपनी ओळखणं हे त्यांच्या लेखी बालवाडीतलं काम. त्यापुढचं वर्गीकरण त्यांचं स्वतःचं आहे. "नवीन लागलेला पोट्टा पह्यल्या महिन्यात साऱ्याइचे पैसे देते. दुसऱ्या महिन्यात आपले आपले देते. तिसऱ्या महिन्यापासून फोन विसरून येते." रात्रपाळीवाला सकाळी सहाला पोहे खातो, पण त्याचा तो नाश्ता नसतो, रात्रीचं जेवण असतं, म्हणून त्याला तर्री कमी. ज्याच्याकडे कंपनीत सध्या काम नाही, तो एका चहावर तास काढतो आणि फोनवर मोठ्याने बोलतो. ज्याच्याकडे काम फार आहे, तो फोनवर नुसता "हो सर, हो सर" म्हणतो आणि पोहे थंड करतो. पगारवाढीची पत्रं कधी आली हे त्यांना दोन दिवस कोणी काही न बोलताही कळतं. समोस्याचा खप वाढला तर बरी, नुसत्या चहाचा वाढला तर वाईट.

प्रेमप्रकरणांवरचं त्यांचं संशोधन तर प्रबंधाच्या तोडीचं आहे. "पह्यले दोघं दोन बाकड्यांवर बसते. मंग एका बाकड्यावर, पन दोन प्लेटा. मंग एक प्लेट, दोन चमचे. तसे चार-सहा महिने चालते. आन मंग एका दिवशी एकदम येनंच बंद."

"म्हणजे?"

"म्हंजे एक तं लगन, नाही तं पुनं."

मध्य प्रांताच्या सरकारने रसेल साहेब आणि त्यांचे सहकारी हिरालाल यांना कामाला लावलं, तेव्हा त्यांनी या मुलुखातल्या जातीजमातींवर चार जाडजूड खंड लिहिले. 1916 साली ते प्रसिद्ध झाले. त्यात कोण कोणाच्या हातचं खातो, लग्नात कोण काय देतो, मेल्यावर काय करतात, हे सगळं अकारविल्हे आहे, इंग्रजी अकारविल्हे. तो काळ माणसांची नाकं आणि कवट्या मोजून त्यांची प्रतवारी लावण्याचा होता. मावशींनी कोणाचं नाक मोजलेलं नाही. त्यांनी उधारी मोजली आहे, आणि माझा व्यावसायिक निर्वाळा असा की माणसाच्या वर्गीकरणाला नाकापेक्षा उधारी फार बरी.

शिवाय रसेल साहेबांना त्यांच्या माहितीदारांनी उलट प्रश्न विचारल्याची नोंद त्या खंडांत मला कुठे दिसलेली नाही. मावशी विचारतात. "सर, घरी मॅडमचं आन तुमचं काही झालं हाय काय? रोज इतक्या दूर पोहे खायले येऊन राहिले." मी संशोधनाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि शेजारच्या ऑटोवाल्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत माझं वर्गीकरण झालं होतं. कुठल्या वर्गात, ते मी विचारलं नाही.

मावशींचे सासरे कधीमधी टपरीवर येऊन बसतात. डोक्यावर टोपी, कानात विडी, पायात मुलाने कंपनीच्या कँटीनमधून आणून दिलेले सेफ्टीचे बूट. मिहानसाठी ज्या गावांची जमीन गेली त्यांपैकी एका गावचे ते. शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, खापरी ही नावं आज नागपूरकराला मेट्रोच्या पाटीवरून किंवा बातमीतून माहीत असतात. म्हाताऱ्यांच्या तोंडी ती वेगळी येतात. त्यांच्या बोलण्यात 'टर्मिनल'च्या जागी "बंडीची पांदन" असते, आणि एका कंपनीच्या काचेच्या इमारतीकडे हात करून ते म्हणतात, "तिथं तूर मस्त पिके."

त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद आहे. जमीन संपादन करताना झालेल्या मोजणीची नक्कल. 1894 च्या कायद्याने जमीन घ्यायची तर जमिनीवर काय काय आहे ते लिहावं लागे: विहीर, तिचं बांधकाम, कोठा, त्याच्यावर कौलं की पत्रे, झाडं, झाडांची जात. म्हाताऱ्याचं अख्खं वावर त्या कागदावर आहे. बोअर नाही, विहीर आहे. आंबा आहे, बोरी आहेत, धुऱ्यावरची चिंच आहे. इतिहासाच्या माणसाला असा कागद म्हणजे मेजवानी. ब्लोखने फ्रान्समधल्या शेतांच्या आकारावरून कोणत्या भागात कोणता नांगर चालत असे आणि शेजारी शेजाऱ्याशी कसा वागत असे याचा माग काढला होता. आपल्याकडे तेवढं दूर जायची गरज नाही, तलाठ्याच्या दप्तरात पुरेसं आहे.

गंमत, म्हणजे ज्याला गंमत म्हणायची हिंमत होत नाही ती, अशी की साध्या माणसाच्या रोजच्या जगण्याची इतकी बारकाईने नोंद सरकारने त्याआधी कधीच केली नव्हती. ते जगणं उठवायचं ठरलं, त्या दिवशी पहिल्यांदा केली. ज्या झाडाखाली म्हाताऱ्याच्या तीन पिढ्यांनी दुपारची भाकर खाल्ली, ते झाड कागदावर चढलं ते तोडायच्या आधी. इरावती कर्वे हे ओळखून होत्या. 'मराठी लोकांची संस्कृती' लिहिणाऱ्या, नातेसंबंधांवर जगन्मान्य ग्रंथ लिहिणाऱ्या बाईंनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत जय निंबकर यांच्याबरोबर कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली. डेक्कन कॉलेजने ती 1969 मध्ये छापली. पुढच्याच वर्षी बाई गेल्या. धरण, रस्ते, विमानतळ यांच्या उद्घाटनाच्या कोनशिला ठिकठिकाणी आहेत. त्यांच्यापायी उठलेल्यांच्या पाहण्या मात्र कपाटांत शोधाव्या लागतात.

आणि मोजणीच्या कागदात काय नाही, तेही पाहण्यासारखं आहे. आखर नाही. गावची गुरं सकाळी जिथे जमायची आणि गायकी त्यांना चरायला न्यायचा, ती जागा कोणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून तिचा मोबदला कोणालाच नाही. आणि गायकी? त्याला वावर नव्हतं, विहीर नव्हती, झाड नव्हतं. तो या कागदात कुठे बसणार? तो कुठे गेला, असं मी म्हाताऱ्यांना विचारलं. "तो तं इथंच हाय," असं म्हणून त्यांनी पलीकडच्या गेटकडे बोट केलं. गायकी आता सिक्युरिटीत आहे. पहाटे गाड्यांच्या नोंदी करतो, संध्याकाळी परत मोजतो.

आता पोळा. नव्या वस्तीत पोळा भरतो का, असं विचारल्यावर म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तो निवडणुकीबद्दल विचारल्यावर येतो. भरतो ना! जुन्या गावात तोरणाखाली पहिली जोडी कोणाची, हे ठरलेलं होतं. मानाची जोडी. ती पुढे उभी राहिल्याशिवाय तोरण तुटत नसे. त्या मानावरून एके काळी डोकी फुटली आहेत. नव्या वस्तीत घरं सिमेंटची, रस्ते काटकोनात, दारात मोटरसायकली आणि बैल जवळपास नाहीतच. तरीही पोळ्याच्या आधी बैठक बसते, आवाज चढतात आणि मानाच्या घराण्याच्या नावाने बाहेरगावहून एक जोडी भाड्याने येते. तिच्या शिंगांना बेगड लागतं, अंगावर झूल चढते आणि ती त्याच घराण्याच्या नावाने पहिली उभी राहते. बैल गेले, वावर गेलं, धुरा गेला. मान आहे तिथेच आहे. माझ्या विषयात सामाजिक स्तरीकरण नावाचं एक प्रकरण असतं. ते मी वर्षानुवर्षं फळ्यावर त्रिकोण काढून शिकवलं. भाड्याची बैलजोडी एकदा वर्गात आणली असती तर खडू वाचला असता.

म्हाताऱ्यांची मुख्य तक्रार मात्र वेगळीच आहे. "मायाच वावरात जायले मले पास लागते." हे कायद्याच्या दृष्टीनेही भारी प्रकरण आहे. 2005 च्या सेझ कायद्याप्रमाणे सेझची हद्द तिथल्या मंजूर कामकाजापुरती देशाच्या सीमाशुल्काच्या हद्दीबाहेरची मानली जाते. बाहेरून आत जाणारा माल हिशेबात निर्यात धरला जातो. म्हणजे म्हाताऱ्यांची चिंच उभी होती तिथे आता, एका विशिष्ट अर्थाने, परदेश आहे. त्यांचा नातू रोज सकाळी खांद्याला डबा लावून त्या परदेशात जातो आणि संध्याकाळी मुलखात परततो. डब्यातल्या भरल्या वांग्यांना निर्यात धरत नाहीत, हा सरकारचा मोठेपणा.

या डब्यावरून आठवलं. वीसेक वर्षांपूर्वी नागपूरच्या आया पोराला बी.ई. करायच्या त्या पुण्याला पाठवण्यासाठी. स्टेशनवर निरोप, डोळ्यांना पदर, सोबत चिवड्याचा पिंप. लग्नाच्या बाजारातही "मुलगा पुण्याला असतो" हे सर्वोच्च प्रमाणपत्र होतं. आता नागपुरातल्या वधुपित्यांच्या तोंडी "मुलगा मिहानला आहे" असंही येतं, आणि त्यात एक वेगळीच गोडी असते: पगार चांगला, शिवाय संध्याकाळी साडेसातला घरी. सासू खूश, सून विचारात. कारण पुण्यातल्या दोन खोल्यांत तिची सासू सुटीपुरती आली असती, इथे ती कायमची आहे आणि वडाभाताच्या वड्यांत मीठ किती ते तिला ठाऊक आहे. आधुनिक उद्योग आले की एकत्र कुटुंब मोडतं, असं आम्ही परीक्षेत लिहून घ्यायचो आणि पैकीच्या पैकी गुण द्यायचो. मनीषनगर-बेसा पट्ट्यात आधुनिक उद्योगाने एकत्र कुटुंब पुन्हा बांधून दिलं आहे, वर गच्चीसह. त्या उत्तरपत्रिका आता परत मागवता येत नाहीत.

इतिहासाचे मित्र म्हणतात ते, की इथे जुनं काही नाही, त्यावर माझ्याकडे एक स्कॉटिश मिशनरी आहे. स्टीफन हिस्लॉप. 1845 मध्ये नागपूरला आला, शाळा काढली, दगड गोळा केले, गोंडांच्या कथा आणि गाणी लिहून घेतली. हिस्लॉप कॉलेजवरून रोज हजारो लोक जातात, पण तो मेला कसा हे फार थोड्यांना माहीत असतं. वर्धा रोडने मिहान ओलांडून पुढे गेलं की बुटीबोरी आणि तिच्याजवळ टाकळघाट. तिथली प्राचीन शिलावर्तुळं पाहायला तो 1863 च्या सप्टेंबरात गेला होता. सोबत मध्य प्रांताचे रिचर्ड टेम्पल साहेब. परतताना अंधार झाला, ओढ्याला पूर आलेला. स्वाराशिवाय घोडा मुक्कामी आला, तेव्हा शोधाशोध सुरू झाली. त्याची टिपणं टेम्पलने 1866 मध्ये छापली. या भागातल्या लोकांच्या चालीरीतींवरचं हे सुरुवातीचं पुस्तक, आणि त्याचा लेखक ते हातात घ्यायला उरला नाही.

ज्या शिलावर्तुळांपायी त्याचा जीव गेला, ती पुढे नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देवांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस खणली. दगडांची गोल मांडणी, आत दफनं. विदर्भातल्या अशा वर्तुळांत लोखंडाची हत्यारं निघतात, घोड्याचा साज निघतो. अडीच हजार वर्षांहून जुना मामला. म्हणजे वर्धा रोडच्या या पट्ट्यात लोखंड आणि वाहतूक यांचं महत्त्व कळलेली माणसं फार आधीपासून होती, फक्त त्यांनी पाट्या लावल्या नाहीत.

आणि हबचं म्हणाल तर तोही नवा नाही. 1949 साली देशात रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांनी निघालेली विमानं रात्री सोनेगावला उतरायची, टपालाच्या थैल्या आपसांत बदलायची आणि पहाटेच्या आत आपापल्या गावी परत. वीस वर्षांहून जास्त काळ हे चाललं. मुंबईचं प्रेमपत्र कलकत्त्याला जाताना नागपुरात गाडी बदलत असे. मिहानचं स्वप्न पडायच्या अर्धशतक आधी नागपूर हे काम रात्रीच्या रात्री उरकून सकाळी पोहे खायला मोकळं होत होतं.

2019 च्या नोव्हेंबरात मिहानमध्ये वाघ आला. खरा. वनखात्याच्या कॅमेऱ्यात त्याची छबी आली. त्या दिवसांत टपरीवर झालेली चर्चा अफवांच्या अभ्यासकाने सोडू नये अशी होती. तळमजल्यावरच्या लोकांनी वाघ पाहिला नव्हता, सातव्या मजल्यावरच्यांनी स्पष्ट पाहिला होता. एकाने तो जोडीने फिरताना पाहिला. म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "त्यालेही पास देऊन टाका म्हना" एवढंच म्हणाले. घरून काम करायची परवानगी कोणाकोणाला मिळाली, याची यादी मावशींनी आठवडाभर ठेवली. धंद्याचा प्रश्न होता.

आता शेवटचं. माझ्या जुन्या कॉलेजातल्या एका मुलीला एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय हवा होता. मी मिहान सुचवलं. "पण सर, त्यावर संदर्भग्रंथच नाहीत," ती म्हणाली. मी तिला म्हैसूरकडच्या रामपुराची गोष्ट सांगितली. एम. एन. श्रीनिवास 1948 मध्ये त्या गावात राहिले, ढीगभर टिपणं केली. 1970 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला त्यांच्या खोलीला आग लावली गेली आणि त्या टिपणांवरून वर्षानुवर्षं खपून तयार केलेले कागद जळाले. मग त्यांनी आठवणीतून ग्रंथ लिहिला, 1976 मध्ये तो आला आणि अभिजात ठरला. तात्पर्य, संदर्भ नसले तरी चालतं. यावर तिने मलाच विचारलं की टिपणं जाळायची असतील तर आधी काढायची कशाला. मुलगी हुशार आहे.

ती गेली. सुरुवात घरापासून केली, कारण तिची आजी पुनर्वसनातल्याच वस्तीत राहते. प्रश्नावली छापून, क्लिपबोर्ड घेऊन, फोनवर रेकॉर्डिंग चालू करून. ते रेकॉर्डिंग तिने मला ऐकवलं. पहिली दोन मिनिटं भांड्यांचा आवाज आहे. मग आजी विचारते, "हे कायले लिहून राहिली?"

"अभ्यास आहे आजी. जुन्या गावात तुम्ही रोज काय करायच्या, ते."

"ते मोजाले आले होते तईही असंच विचारलं होतं. आता काय नेतं?"

"काही नाही नेत गं. फक्त लिहून घेते."

बराच वेळ कोणी बोलत नाही. मग आजी, "पैसे भेटते काय याचे?"

"नाही."

"मंग ते ठेव बाजूले. आंधी शेंगा सोल, हात रिकामे नको. मी सांगतो तुले."

रेकॉर्डिंग पुढे पावणेदोन तास आहे. प्रश्नावलीतला एकही प्रश्न त्यात विचारलेला नाही, आणि शेंगा सोलल्याचा आवाज शेवटपर्यंत ऐकू येतो. तिच्या गाइडने विचारलं की संशोधनपद्धती या प्रकरणात काय लिहिणार. ती म्हणाली, तुरीच्या शेंगा होत्या सर, तेवढं नक्की लिहिते.